सरूला दोर वळता येत नाही

मधल्या सुट्टीत जोतीराम विसरलेला चष्मा न्यायला वर्गाकडं परत आला आणि खिडकीशीच थांबला. आत चौथीच्या वर्गात एकटी सरू होती. पटांगणात पोरांचा गलका चालला होता, कुठल्याशा गुऱ्हाळावरून काकवीचा गोड करपट वास येत होता, आणि सरू भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसली होती. तिच्या मांडीवरून दोर निघत होता. निघत होता असंच म्हणायला हवं, कारण ती तो वळते आहे असं वाटतच नव्हतं. तिची नजर फळ्यावर राहिलेल्या त्रैराशिकाच्या गणितावर होती. ओठ हलत होते, आकडेमोड चालली असावी. खाली हात आपले आपण चालले होते. उजवा तळवा मांडीवरून पुढं सरके, तसे घायपाताच्या वाखाचे दोन पेड पीळ घेत. तळवा मागं येई, तसे ते एकमेकांत गुंतत. आणि डावा हात झालेला दोर अलगद मागं ओढून घेई. वाख सरत आला की नवी बट कधी आत शिरली हे दिसतही नव्हतं. बारा-तेरा हात दोर तिच्या बाजूला वेटोळं घालून पडला होता. एकसारखा, गोल, कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. चष्म्याशिवायसुद्धा जोतीरामला ते दिसलं.

मग तिनं मान वळवली. ती दचकली नाही. तिनं दोराचं टोक धरलं आणि उलटा पीळ देत सगळा दोर उलगडून टाकला, केला त्याहून भराभर. मोकळा वाख झटकला, पुन्हा दोन बटा घेतल्या आणि जोतीरामच्या देखतच दोर वळायला लागली. आता बोटं अडखळत होती, पीळ एकीकडं घट्ट आणि एकीकडं सैल पडत होता, वीतभर दोराला तीन गाठी आल्या. महिनाभर जोतीराम तिच्या हातात जसा दोर बघत आला होता, अगदी तसाच.

"गुरुजी, चष्मा मेजावर हाय," ती म्हणाली.

जोतीरामनं आत जाऊन चष्मा घेतला, बाहेर आला, आणि ओसरीच्या खांबाला हात लावून उभा राहिला. तो हादरला होता. चांगलं वळता येतं म्हणून नव्हे. वाईट वळण्यातही तिचा हात तितकाच बसलेला होता म्हणून. तो गाठाळ दोर चुकून होत नव्हता. दर वेळी, दर तासाला, तिनं तो तसा केला होता. आणि आपण काय केलं? "अगं, ही बोटं आहेत की शेवग्याच्या शेंगा?" असं आपण भर वर्गात म्हणालो. पोरं हसली, आणि सरूही हसली, हात तोंडावर धरून, सगळ्यांच्या बरोबरीनं. तिचा एक दोर आपण खिळ्याला टांगून ठेवला, दोर कसा नसावा ते पोरांना कळावं म्हणून. तो अजून तिथंच लोंबकळत होता. तिच्या त्या हसण्याचा आवाज जोतीरामला आता पुन्हा ऐकू आला. दहा वर्षांची पोर. ती नेमकी कुणाला हसत होती?

बारामतीच्या या शाळेवर मूलोद्योगाची पाटी लागून दोन वर्षं झाली होती. हातानं शिकायचं, करत करत शिकायचं, असं सरकारी पुस्तिकेत लिहिलं होतं आणि जोतीरामला ते मनापासून पटलं होतं. तो स्वतः निरवांगीच्या महिपती सुताराचा मुलगा. बैलगाडीच्या चाकाला तापलेली लोखंडी धाव चढवताना बापाच्या कपाळावर उभी राहणारी शीर बघत वाढलेला. बापानं त्याला शाळेत घातलं ते हातातली पटाशी काढून घेऊनच. पुढं ट्रेनिंग कॉलेजात सुतारकामाच्या पहिल्या तासाला मास्तरांनी विचारलं, "रंधा कुणाला धरता येतो?" जोतीरामनं आनंदानं हात वर केला. आयुष्यात कधी केला नसेल इतक्या आनंदानं. त्या दिवसापासून दोन वर्षं त्याचं नाव कुणी घेतलं नाही. खाटेचा पाय निखळला, बोलवा सुताराला. खिडकीची बिजागरी कुरकुरते, अरे सुतार कुठं आहे? बाकीचे रात्रीच्या अभ्यासाला बसत तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीचा कोयंडा बसवत असे. हे त्यानं नंतर एकदा बायकोला, द्वारकाला, हसत हसत सांगितलं होतं. द्वारकाही हसली होती. त्यात रडण्यासारखं काय होतं? उलट त्यातूनच त्याला एक सुचलं होतं आणि ते त्यानं वहीत लिहून ठेवलं होतं: प्रत्येक मुलाच्या हाताला प्रत्येक काम आलं, की कुणाच्या हातावरून कुणाला ओळखता येणार नाही. हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की कधीकधी एकटा असताना तो ते पुटपुटत असे.

दोराचं काम त्यानंच आणलं. टकळीवर सूत कातायला येणारा कापूस सरकीनं भरलेला असायचा आणि वेळेवर यायचा नाही. कॅनॉलच्या बांधाला घायपात मात्र मुबलक होता. पोरांना घेऊन त्यानं पानं कापून आणली, पाण्यात कुजत घातली, घाण वासाला नाकं मुरडत, ओरडत, हसत पोरांनी ती ठेचली, धुतली, आणि पांढरा वाख दोरीवर वाळत घातला तेव्हा वर्गाला सण असल्यासारखं वाटलं होतं. वळायचं कसं ते जोतीराम पुस्तिकेतल्या चित्रांवरून शिकला. त्याच्याही दोराला गाठी येत. गावात दोर कोण वळतं, हे त्याच्या मनात आलं नव्हतं का? आलं असेल. विहिरीत बादली सोडताना, बैलाचा कासरा धरताना, तो कुणी वळला असेल हे कुणाच्या मनात येतं? मांगवाडा ओढ्यापलीकडं होता, आणि तिथली सरू पटावर होती, तरटाच्या पट्टीच्या शेवटच्या टोकाला, दाराशी बसत होती. तिला तिथं बस असं त्यानं कधी सांगितलं नव्हतं. दुसरीकडं बस असंही सांगितलं नव्हतं.

सुट्टी संपायच्या आत तो पुन्हा वर्गात गेला.

"सरू, तुला येतं."

"न्हाय येत, गुरुजी."

"मी आत्ता पाहिलं."

"तुमच्या डोळ्याला चष्मा न्हवता," सरू म्हणाली.

जोतीरामला हसू आलं. खरं तर त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं, नंतर कितीदा तरी त्याला वाटलं, तिथंच तो धागा सोडून द्यायला हवा होता. पण हसू आलं आणि हसण्याबरोबर छातीत काहीतरी उमलल्यासारखं झालं. त्याला वाटलं, ही पोर भिते आहे. हिला पुढं आणायला हवं. ज्या हातांना गाव ओढ्यापलीकडं ठेवतो ते हात आज वर्गाच्या मधोमध आणून बसवायचे. वहीतलं वाक्य खरं करायचा हाच दिवस, असं त्याला वाटलं. आणि शुक्रवारी दिपोटी साहेब तपासणीला येणार होते, हेही मनाच्या कोपऱ्यात होतंच. ते नव्हतं असं त्याला पुढं कधीच म्हणता आलं नाही.

उद्योगाच्या तासाला त्यानं सरूला वर्गाच्या मधोमध बसवलं. "आज मी शिकवणार नाही," तो म्हणाला. "आज सरू तुमची गुरुजी. बघा तिच्या हाताकडं." सरूनं दोन्ही हात पाठीमागं नेले. जोतीरामनं तिचा एक हात धरून पुढं आणला, त्यात वाख ठेवला. ते मनगट इतकं बारीक होतं, आणि इतकं ताठ. तिनं एकदा वर बघितलं. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. एखाद्या मोठ्या माणसानं लहान मुलाकडं बघावं, तसं ती त्याच्याकडं बघत होती. मग पाय लांब केला आणि वळायला लागली.

पोरं माना पुढं काढून बघू लागली. संभाजी, पाटलांच्या घरचा, या महिन्यात सगळ्यांत चांगला दोर त्याचा होता आणि तो त्यानं घरी नेऊन आईला दाखवला होता, तो पुढं सरकून गुडघ्यांवर बसला. "आयला," तो म्हणाला, "मशीनच हाय की!" त्याच्या आवाजात नुसतं कौतुक होतं. जोतीरामचा चेहरा फुलला. हेच, हेच तर हवं होतं.

तेवढ्यात पलीकडून गोजरा बोलली. गोजरा स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी पोरगी. कावळा काळा असतो म्हणावं इतक्या सहजपणे ती म्हणाली, "तिला येनारच की गुरुजी. त्येंचं कामच हाय ते. माजा आजा तिच्या बापाकडनंच कासरं घेतो."

कुणी हसलं नाही. पोरं हसली असती तर जोतीरामला रागावता आलं असतं. संभाजीनं आपल्या हातातल्या दोराकडं पाहिलं. महिनाभर ज्याच्यावर त्यानं जीव लावला होता तो दोर त्यानं असा उचलून धरला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा चुकून आपल्या हातात आला आहे, आणि हळूच जमिनीवर ठेवला. हात चड्डीला पुसला. मग त्याच्या शेजारच्या झुंबरनं आपला वाख खाली ठेवला. मग त्याच्या शेजारच्यानं. वाख खाली ठेवल्याचा आवाज होत नाही. तरटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बत्तीस पोरांनी एकामागून एक वाख खाली ठेवला. घटकाभरापूर्वीपर्यंत हे शाळेचं काम होतं, गणितासारखं, भूगोलासारखं. आता ते तसं राहिलं नव्हतं, आणि ते बदललं होतं त्यानंच, ज्या मनगटाला धरून पुढं आणलं त्या मनगटाच्या साक्षीनं.

"मग आमी कशाला करायचं, गुरुजी?" झुंबरनं विचारलं. प्रश्न खराच होता.

सरू वळतच होती. गुरुजींनी थांब म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तिघा-चौघांचे बाप हेडमास्तर मोहनरावांकडं येऊन गेले. मोहनराव खादी घालत, आवाज चढवत नसत, आणि कुणाशीही वाकडं येऊ नये याची त्यांना फार काळजी असे. "बाकीच्यांना पुठ्ठाकाम द्या," ते म्हणाले. "लोकांचा कल बघावा लागतो, जोतीराम. दिपोटी साहेबांपुढं ठेवायला दोराचे नमुने मात्र हवेत. ते ती मुलगी एकटी करील. तुम्हीच तर सांगता तिचा हात आहे म्हणून. तसं दोन ओळी लिहून द्या, म्हणजे माझ्यापाशी कागद राहील." आणि जोतीरामनं लिहून दिलं: 'दोरकामात विशेष प्रावीण्य. उत्तेजन द्यावे.' अजूनही त्याला लिहिताना बरंच वाटलं, हे विशेष. वर्गातला तो आवाज नसलेला प्रकार छातीवर बसला होता. या दोन ओळींनी तो जरा हलका झाला.

मग दोन दिवस इंदापूरला उद्योगशिक्षकांचं शिबिर होतं. तिथं त्याला बोलायला सांगितलं. त्यानं सरूच्या हातांबद्दल सांगितलं, तळवा कसा सरकतो, जोड कसा दिसत नाही. पोरांनी वाख खाली ठेवला ते सांगितलं नाही. टाळ्या पडल्या. इंदापूरहून परतताना एस्टीत, धुळीत, खिडकीच्या खडखडाटात त्या टाळ्या त्याच्या कानात वाजत होत्या आणि निरवांगीचा फाटा जवळ आला तसा, का कोण जाणे, आता त्या थांबाव्यात असं त्याला वाटायला लागलं. फाट्यावर उतरून बापाला भेटून यावं असं मनात आलं, पण गाडी थांबली तेव्हा तो उठला नाही.

शाळेत शिरला तर ओसरीवर सरू. मांडीवर वाख, बाजूला दाव्यांचा आणि कासऱ्यांचा ढीग, एक शिंकं, आणि शिंदीच्या पानांच्या दोन नव्या केरसुण्या. आत तिसरीच्या बाईंनी चौथी सांभाळायला घेतली होती आणि त्या गणित घालत होत्या.

"गणिताचा तास चालू आहे. तू बाहेर का?"

"हेडगुरुजींनी सांगितलंय."

"कधीपासून?"

"तुमी गेल्यापास्नं." तिची मांडी लाल झाली होती. ती परकराची कड ओढून झाकत सरू म्हणाली, "गुरुजी, बाईंनी काल व्यस्त त्रैराशिक सांगितलं. भिंतीमुळं निम्मंच ऐकू आलं. मानसं वाढली की दिस कमी व्हत्यात, हितवर कळलं. म्होरं गुनायचं कशानं?"

जोतीरामच्या डोळ्यांपुढं एकदम दुसऱ्याच कुणाच्या पेटीचा कोयंडा आला, आणि दाराच्या फटीतून ऐकू येणारा, मोठ्यानं वाचणाऱ्या मुलांचा आवाज. इतक्या वर्षांत तो आवाज इतका जवळ कधी आला नव्हता. तो मोहनरावांच्या खोलीत गेला. काय बोलायचं ते जिभेवर तयार होतं. मोहनरावांनी टेबलावरचा कागद त्याच्याकडं सरकवला. त्याच्याच अक्षरातल्या दोन ओळी. "केरसुण्या शाळेला हव्याच होत्या," ते समजावत म्हणाले, "आणि शिंकं आमच्या घरच्यांनी सांगितलं होतं. मुलीलाही सराव होतो." जोतीराम त्या ओळींकडं बघत राहिला. अक्षर सुंदर होतं. त्याचं अक्षर सगळ्या तालुक्यात नावाजलेलं होतं. कागद तसाच टेबलावर सोडून तो बाहेर आला.

शुक्रवारी दिपोटी साहेब आले. दोर त्यांनी ताणून बघितला, बोटानं चाचपला. "उत्तम! कुणी केला?" सरूला उभं केलं. "कुणाची तू?" मोहनरावांनी हळूच सांगितलं. "अस्सं," साहेब म्हणाले आणि प्रसन्नपणे मान हलवली, कोडं सुटल्यासारखी. "पिढीजात कौशल्य. हे जपलं पाहिजे. रजिस्टरात नोंद करा. चौथीनंतर हिला उद्योगवर्गाला पाठवू, उगाच सातवीच्या फायनलच्या मागं लावून पोरीचे हात वाया घालवू नका." जोतीराम तीन हातांवर उभा होता. त्यानं तोंड उघडलं. साहेब पुठ्ठ्याच्या पेट्यांकडं वळले. सरू मात्र त्याच्याकडं बघत होती. उघडलेलं तोंड तिनं पाहिलं आणि मिटलेलंही पाहिलं.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर जोतीराम ओढा ओलांडून गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सरूचा बाप सोनबा कडुनिंबाला टोक बांधून मोटेचा नाडा वळत होता. बायको, बनाबाई, लांबवर पीळ द्यायची लाकडी फिरकी फिरवत होती. त्याला बघून सोनबानं हात थांबवला, पोतं झटकून अंथरलं आणि स्वतः चार हात लांब मातीत बसला.

"सरूला बरं नाही का?"

"बरी हाय की. लाकडाला गेलीया." सोनबा शांत होता. "गुरुजी, तिला पयलीत घातली तवाच सांगितलं व्हतं म्या. साळंत हात मुकं ठिवायचं. हितं घरी वळ, आईला हातभार लाव. पन साळंचा उंबरा वलांडला की तुला काय बी येत न्हाय. तितं निस्तं डोस्कं न्यायचं, हात न्हाय. चार वर्सं ठिवलं पोरीनं." मग त्यानं विचारलं, "डोस्कं बरं हाय न्हवं तिचं?"

"फार चांगलं आहे." जोतीराम म्हणाला. "सोनबा, मला हे माहीत नव्हतं."

सोनबानं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुमी निरवांगीच्या महिपती सुताराचं न्हवं? ती फिरकी बघा, त्येंनीच करून दिल्याली. लई नामी मानूस. मला म्हनलं व्हतं, पोराला साळंत घातलाय, आता त्येच्या हातात हत्यार देनार न्हाय." मग अगदी साधेपणानं, दोष न देता, त्यानं विचारलं, "मंग तुमाला म्हाईत न्हवतं, आसं कसं?"

जोतीरामनं नजर वळवली. तोंडाला कोरड पडली होती. समोर दारात मातीचा माठ होता, वर ओलं फडकं. बनाबाई फिरकी ठेवून माठाजवळ गेली, उभी राहिली, आणि मग नुसतं फडकं सारखं करून परत फिरली. पाणी विचारलं नाही. विचारायचं नाहीच, हे तिला माहीत होतं. आणि तिनं विचारलं नाही म्हणून जोतीरामला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. त्या सुटकेचा धक्का मात्र इतका मोठा होता की त्याला पोत्यावरून उठवेना. प्रत्येक मुलाच्या हाताला प्रत्येक काम, असं वहीत लिहिणारा तो. आणि त्याच्या आत हा दुसरा कोण बसला होता, तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली असताना माठाकडं बघून सुस्कारा टाकणारा?

"दाखला पायजे, गुरुजी," सोनबा म्हणत होता. "हिचा मामा सोपान भिगवनच्या टेसनावर खलाशी हाय. रेल्वेच्या चाळीत कोन कुनाला इचारत न्हाय म्हनतो. तितल्या साळंत घालतो. सरू म्हनती, दाखल्यावर शेरा लिवत्यात. तेवढं येक करा. तितं लिवा, हिला वळता येत न्हाय."

"पण साहेबांनी रजिस्टरात..."

"म्हनून तर म्हनतो," सोनबा म्हणाला.

दाखले जोतीरामच लिहीत असे. मोहनराव नंतर सही करत, बहुधा न वाचता. गुरुवारी सकाळी त्यानं कोरा फॉर्म पुढं घेतला. रजिस्टरात 'विशेष प्रावीण्य' या शब्दांखाली साहेबांनी लाल शाईनं ओढलेली रेघ होती. पडताळणी झाली तर विचारणा होईल, कदाचित वेतनवाढ थांबेल. त्याला त्याची भीती वाटली नाही, याचंच त्याला थोडं बरं वाटलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं: 'उद्योग: प्रगती नाही. दोर वळता येत नाही.' आयुष्यात शिकवलेल्या मुलांत हाताला इतकी गुणी मुलगी दुसरी नव्हती, आणि हे तिच्याबद्दल त्यानं एका दमात लिहिलं. त्यानं टीपकागद टेकवला, वरपासून सगळं तपासायला घेतलं, आणि चौथ्या ओळीवर त्याची नजर खिळली.

धर्म व जात. ती ओळ त्यानं केव्हाच भरून टाकली होती. नाव, बापाचं नाव, गाव, मग ही. शेकडो दाखले लिहिलेल्या हातानं न थांबता, न विचारता, सुंदर वळणदार अक्षरात. शेऱ्यात काहीही लिहिलं तरी भिगवणचे मास्तर आधी चौथी ओळ वाचणार होते. ती कोरी ठेवली तर दाखला कुणी घेणार नाही, खोडली तर त्याहून नाही. सोनबाला वाचता येत नव्हतं. त्याला वाटत होतं सगळं शेऱ्यातच असतं. जोतीराम त्या ओळीकडं बघत बसला. घंटा झाली, पोरं प्रार्थनेला उभी राहिली, मोहनराव येऊन सही करून गेले, तरी तो बसूनच होता.

साडेदहाला सोनबा आणि सरू आली. सरूला तेल लावून वेणी घातली होती, काखेत कपड्यांचं गाठोडं होतं. भिगवणला जायला दौंडची गाडी अकराला सुटणार होती. जोतीरामनं ओसरीवर येऊन दाखला सोनबाच्या हातात दिला. सोनबानं तो कपाळाला लावला आणि मुलीला दिला. "वाच मोठ्यांदा. काय लिवलंय बगू."

सरूनं दोन्ही हातांनी कागद धरला. "विद्यार्थिनीचे नाव, सरुबाई. बापाचे नाव, सोनबा भिवा अवघडे. राहणार बारामती." आवाज खणखणीत होता, जोडाक्षरांवर न अडखळणारा. मग तो थांबला. तिनं कागदावरून नजर उचलली नाही, पण तिचे डोळे एका जागी स्थिर झालेले जोतीरामनं पाहिले. ओसरीवर फक्त आतल्या पुठ्ठा कापणाऱ्या कात्र्यांचा आवाज होता. त्याला वाटलं आता ती वाचणार. वाचावी, असंही वाटलं.

"जन्मतारीख," सरू पुढं वाचू लागली, "दोन जून एकोणीसशे पंचेचाळीस. वर्तणूक, चांगली. शेरा. उद्योग, प्रगती नाही. दोर वळता येत नाही."

"समदं वाचलंस?"

"समदं वाचलं, आबा."

सोनबाचा चेहरा उजळला. त्यानं कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, वरून थोपटला. "लई उपकार झालं, गुरुजी," तो म्हणाला आणि पाया पडायला वाकला.

जोतीराम झटक्यात मागं सरला. पायाखालची जमीन तापावी तसा दोन पावलं मागं. ज्यानं चौथी ओळ लिहिली त्याच्या पायांना या माणसाचे हात लागू नयेत, एवढंच त्या क्षणी त्याच्या जिवाला झालं होतं. पण सोनबा वाकलेला तसाच थांबला. हात अर्ध्यावर राहिले. त्यानं त्या रिकाम्या झालेल्या दोन पावलांच्या जागेकडं पाहिलं, मग हात छातीशी घेतले आणि ओशाळं हसला. "व्हय व्हय," तो म्हणाला, "चुकलंच माजं. ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

"तसं न्हाय सोनबा, तसं न्हाय वो," जोतीराम म्हणाला. निरवांगीची बोली, कितीतरी वर्षांत ती त्याच्या तोंडून निघाली नव्हती. तो पुढं झाला, पण सोनबा ओसरीच्या पायऱ्या उतरून गेला होता. सरूनं गाठोडं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं, बापाचं बोट धरलं, आणि मागं वळून न बघता म्हणाली, "चला आबा, गाडी चुकंल."